देजवरचं व्याख्यान

५ जानेवारी, सोमवार
स्टाफरूममध्येच लिहितोय. तास रिकामा आहे.

व्याख्यानमालेचं घोंगडं पुन्हा माझ्याच गळ्यात. प्राचार्य साहेब म्हणतात, "पाटील सर, तुम्हाला आवड आहे." ज्याला दर जूनमध्ये स्वतःचीच नोकरी नव्याने मागावी लागते, त्याला कशाचीही आवड असते. चौदा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवतोय. यंदा कायम पद भरायला परवानगी आली आहे, मुलाखत मार्चमध्ये. नाना (आमच्या संस्थेचे अध्यक्ष) परवा पोर्चमध्ये पाठीवर हात ठेवून म्हणाले, "यंदा तुमचं काम होईल. फक्त गडबड नको."

वसावे मॅडमचा होकार आला. पुण्याला समाजशास्त्र शिकवतात, पण मूळच्या आमच्याच जिल्ह्यातल्या, अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यातल्या. विषय त्यांनीच दिला: देज, म्हणजे लग्नात मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. कॉलेजात निम्मी पोरं सातपुड्यातली, त्यांच्याच घरची बाई त्यांच्याच विषयावर बोलणार. मला फार आनंद झाला.

घरी सांगितलं. सुरेखा भाकरी थापत होती. म्हणाली, "देज म्हंजे पोऱ्याना बाप पोरना बापले देस, तेच ना? आपलाकडे पोरना बाप देस. त्या बाईले सांगा, आपलावरबी बोल म्हना." आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी काय काय घेतलं ते तिने काढलं नाही. भाकरी मात्र जरा जोरात थापली.

७ जानेवारी, बुधवार
कुणीतरी मॅडमच्या जुन्या भाषणाचा तुकडा मोबाईलवर फिरवलाय. "देज म्हणजे बापाने केलेली विक्री." एवढंच. पुढचं-मागचं कापलेलं. वर्गात गेलो तर मागचे तीन बाक माना खाली घालून तेच ऐकत होते.

रविना पावरा उभी राहिली. तृतीय वर्षाची, धडगावकडची, संस्थेच्या वसतिगृहात राहते. वर्गातलं सगळ्यात तल्लख डोकं. दोन वर्षं झाली, मी काही बोललो की पहिली शंका तिचीच. 

"सर, या बाई येणारच?"
"येणार."
"आमच्या आया विकलेल्या आहेत असं त्या म्हणतात."
म्हटलं, पूर्ण ऐक, मग प्रश्न विचार.
"प्रश्नांना तुम्ही शेवटी वेळ देणार. तोही उरला तर."

वर्ग हसला. मीही हसलो, काय करणार. खरंच होतं ते.

९ जानेवारी, शुक्रवार
बैठक. पोरं सकाळीच साहेबांना भेटून गेली होती: या बाईंना बोलावू नका. साहेबांचा धीर सुटलेला. "कशाला विषाची परीक्षा? तब्येतीचं कारण सांगून पुढे ढकलू."

मी उभा राहिलो. इतकी वर्षं त्या खोलीत भिंतीला टेकून बसणारा माणूस उभा राहिला. म्हणालो, व्यासपीठावर आलेल्याचं तोंड बंद करायचं नाही, मग तो कुणीही असो. पटलं नाही तर उत्तर द्या. पोरांना विरोध करायचा तर करू द्या, तेही बोलणंच आहे. पण बोलावलेल्या माणसाला बोलू न देणं म्हणजे कॉलेजला कुलूप लावणं. अजून बरंच. इतिहासाच्या भामरे मॅडमनी टाळी वाजवली. नानांनीही होकाराची मान हलवली.

साहेब म्हणाले, "जबाबदारी तुमची."
"माझी."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. घरी येताना गाडीवर गाणं म्हणत आलो.

पत्रिका छापायला टाकली. मागच्या वर्षीचाच मजकूर, फक्त पाहुण्यांचं नाव आणि विषय बदलला.

१३ जानेवारी, मंगळवार
माझ्या अकलेचं काय करावं.

पत्रिका घरी आणली होती. सुरेखाने चष्मा लावून वाचली. "स्वागतनृत्य कोन करी ऱ्हायनं?" म्हटलं, वसतिगृहातल्या मुली, दरवर्षी त्याच करतात. फाटकापासून हॉलपर्यंत ढोल वाजवत पाहुण्यांना आणतात. तिने चष्मा काढला. "ज्यासनी मायले ती बाई इकेल म्हनस, त्याच पोरी तिन्हापुढे नाचतीन?"

घास तोंडातच राहिला. चौदा वर्षांत मुलींना एकदाही विचारलं नाही, नाचाल का म्हणून. कुणीच विचारत नाही. आमची पोरं खुर्च्यांवर बसतात, त्यांची पोरं नाचतात, हा आमचा शिरस्ता. आणि तो मी स्वतःच्या हाताने छापून आणला.

तसाच वसतिगृहावर गेलो. रविनाला बोलावलं, म्हटलं चुकलं माझं, नाच रद्द करतो. ती म्हणाली, "नाही सर, नाचू की. पाहुणे येणार, ढोल तर वाजलाच पाहिजे." इतक्या गोड आवाजात. मी मूर्ख निर्धास्त झालो.

जायला निघालो तर म्हणाली, "सर, त्या मॅडम मला वेगळं भेटतील का? कार्यक्रम झाल्यावर." का, विचारलं. मग तिने सांगितलं. दिवाळीत तिचं देज ठरलं. बापाने शब्द दिलाय, थोडं घेतलंही आहे. मुलगा सुरतेला कामाला असतो. वाईट नाही म्हणाली, पण तिला एम.ए. करायचंय. आई तिच्या बाजूने आहे. "मी वसतिगृहात आहे तोवर कुणी काही म्हणत नाही. शिकतेय म्हटलं की पंचही थांबतात. घरी जाऊन राहिले की मग लग्नच. परीक्षा झाली की आधी एम.ए.ची सोय करायची, मग बाबांशी बोलायचं."

म्हटलं, अगं मग तू त्या मॅडमना विरोध कशाला करतेस?

"ते माझं आणि बाबांचं आहे, सर. हॉलमध्ये खुर्च्यांवर बसणाऱ्यांचं नाही."

कुणाला सांगू नका म्हणाली. नाही सांगणार म्हटलं.

१७ जानेवारी, शनिवार
काल व्याख्यान झालं, लिहिणं शक्य नव्हतं. क्रमाने लिहितो.

मॅडमना घ्यायला नंदुरबार स्टेशनवर गेलो, भावाची गाडी घेऊन. धोंगडे रस्त्याला लागलो तर दोन्ही बाजूंना मिरची वाळत घातलेली. दोघंही शिंकून बेजार, काचा वर केल्या. मॅडम हसल्या, "आता घरी आल्यासारखं वाटलं." मला बाई फार आवडल्या. साध्या, जराशा फटकळ. विचारलं, "मुली खरंच चिडल्यात की कुणी शिकवून पाठवलंय?"

मी म्हटलं, शिकवून कोण पाठवणार, आमची रविना आहे ना, ती साहेबांनाही शिकवेल. आणि तिची हुशारी सांगता सांगता... सांगून बसलो. देज, दिवाळी, सुरत, सगळं. म्हटलं तुम्ही तिला भेटाच, तिला आधार होईल. चांगला हेतू होता. चांगला हेतू, डोंबल. "कुणाला सांगणार नाही" म्हटल्याला तीन दिवस झाले नव्हते.

फाटकाशी मुली तयार. लुगडी, चांदीचे दागिने, दोन ढोल, थाळी. वाजवत नाचत मॅडमना हॉलपर्यंत आणलं. नाना पुढे बसून मान डोलवत होते. दीपप्रज्वलन झालं. मुली हॉलमध्ये आल्या, ढोल चालूच. नानांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सत्कार झाला, ढोल चालूच. मी माईकवर "धन्यवाद, मुलींनो" म्हटलं. ते मलाच ऐकू आलं नाही.

तेव्हा टाळकं उघडलं. स्वागत थांबणारच नव्हतं.

मागची मुलंही सामील झाली. कुणी शिवी देत नव्हतं, घोषणा नव्हत्या. नाचत होत्या फक्त, तोंडं एकदम शांत. मनात म्हटलं, शाबास. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला अभिमानच वाटला. हे बोलणंच होतं, माझ्या बैठकीतल्या भाषणापेक्षा शंभर पट चांगलं. आणि त्याच वेळी पाचशे किलोमीटरवरून आलेली बाई तोंड मिटून उभी होती.

मॅडमनी थांबा म्हटलं नाही. माईकपाशी जाऊन उभ्या राहिल्या, ऐकत राहिल्या. मग त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही, पण एक ढोल जरा हळू झाला. दोन-चार मुली हसल्या. जमलं असतं. अगदी जमत आलं होतं. तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, "पुण्याला जाऊन विका भाषणं." मॅडमचा तोल गेला. मराठीत आल्या.

"मला विकलं होतं म्हणून बोलतेय. आणि तुम्ही मला गप्प करताय? तुमच्यातच एक मुलगी आहे, इथेच नाचतेय, तिचं देज दिवाळीत..."

मी विंगेत उभा होतो. माईकचं मशीन माझ्या हाताशी. साऊंडवाला शूटिंग करायला पुढे गेलेला. मी खटका दाबला.

मी. मीच. दुसऱ्या कुणी नाही.

मॅडम अजून दोन वाक्यं बोलल्या, ती पुढच्या रांगेलाही ऐकू गेली नाहीत. मग त्यांनी वळून विंगेत पाहिलं. ढोल आपोआप थांबले. नाना उठले आणि ओरडले, "वायर तोडली या पोरांनी." वायर मुलींच्या पायांशीच होती. सगळ्यांत पुढे रविना.

परत स्टेशनवर सोडायला मीच गेलो. मिरचीच्या रस्त्याला मॅडमनी स्वतःच काचा वर केल्या. नंतर म्हणाल्या, "मला आजवर पुष्कळांनी गप्प केलंय. बोलावून गप्प करणारे तुम्ही पहिले." मी म्हटलं, ती मुलगी उघडी पडली असती. "हो. मी चुकलेच असते," म्हणाल्या. "पण ती चूक मला करू द्यायची होती, नाहीतर मला सांगायचंच नव्हतं." गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर दोन टोकांना बसलो.

१९ जानेवारी, सोमवार
पेपरात आलं. "महाविद्यालयात वक्त्याचा माईक तोडला." जिल्ह्याच्या पानावर, वर ठळक.

नानांचा पारा चढलेला. फुकट राहतात, फुकट खातात, आणि पाहुण्यांची अब्रू काढतात. वसतिगृह फुकट नाही, सरकार अनुदान देतं, हे तिथे कोण बोलणार. मीही बोललो नाही. चौकशी समिती बसवली: साहेब, भामरे मॅडम आणि नानांचे पुतणे. ढोलाबद्दल काहीच करता येत नाही म्हणाले, कारण नाच पत्रिकेत छापलेला होता. पण माईक तोडणं ही मोडतोड. आणि माईक तोडणारी एकच, रविना पावरा. पुतण्यांनी पाहिलं म्हणे. काय पाहिलं, देव जाणे.

समितीची बैठक २७ला, पण शिक्षा नानांनी आजच सांगून टाकली. वसतिगृहातून नाव कमी.

वसतिगृहातून नाव कमी म्हणजे घरी. घरी म्हणजे लग्न. हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं आणि मी चहा पीत बसलो होतो.

२१ जानेवारी, बुधवार
रविना तासाला आली. पहिल्या बाकावर नाही, खिडकीशी. एकही शंका विचारली नाही. तास संपल्यावर थांबवलं.

"रविना, माईक..."
"तुम्ही बंद केलात. तिथे तुम्हीच उभे होतात."
"मग सांगितलं का नाहीस त्यांना?"
"का बंद केलात विचारतील. मग मी काय सांगू?"

मी हजेरीपट मिटला. तीच म्हणाली, "त्या मॅडमना कुणी सांगितलं असेल, हे मी रात्रभर शोधत होते. मैत्रिणींची नावं घेऊन पाहिली. तुमचं नाव सगळ्यात शेवटी घेतलं."

रडली असती तर बरं झालं असतं. पुस्तकं उचलून सरळ गेली.

माझ्या जिभेला काही हाड? आयुष्यभर ज्याने कुणी ऐकत नाही म्हणून रड लावली, त्याचं एकदा ऐकलं गेलं तर हे झालं.

२२ जानेवारी, गुरुवार
सुरेखाला सगळं सांगितलं. म्हटलं, खरं सांगितलं तर मार्चची मुलाखत गेली समज. नाना मला उभं करणार नाहीत. वय बघ माझं, आता कोण घेईल. ती शेंगा फोडत होती, फोडत राहिली.

"आते काय करशात?"
"कळत नाही."
"कळत नही कसं? कळस तुमले. करानी भीती वाटस."

भांडण झालं. मी म्हटलं तुला काय, घर मला चालवायचंय. ती म्हणाली चौदा वरीस मीच चालाडं. तेही खरं. मग तिने ताट वाढून आणलं, कळण्याची भाकरी, भरीत. "सांगी टाका," एवढंच म्हणाली.

जेवण गेलं नाही.

२४ जानेवारी, शनिवार
मॅडमना फोन केला. म्हटलं समितीला तुम्ही सांगाल का, माईक मी बंद केला म्हणून? तुम्ही पाहिलंय.

"सांगेन की. आनंदाने सांगेन. पण का बंद केलात विचारलं तर तेही सांगेन. अर्धं मला बोलता येत नाही, सर."

म्हटलं नको मग.

"तुम्ही फार विचित्र माणूस आहात," म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. रविनाला त्यांचा नंबर द्यायला सांगितला. कोणत्या तोंडाने देऊ?

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन. नाना पाऊण तास बोलले. आपल्या घटनेने दिलेलं विचारस्वातंत्र्य, आणि काही समाजकंटक. समाजकंटक म्हणताना वसतिगृहाच्या रांगेकडे हात. रांग सरळ उभी. रविना रांगेत होती. यंदा त्यांचा नाच ठेवला नव्हता.

माईक उत्तम चालला.

उद्या समिती. ठरवलंय, सांगणार. मुलाखत गेली खड्ड्यात. कारण सांगायचं नाही, एवढंच सांगायचं की मी केला. मध्येच उठून पाणी पितो.

२७ जानेवारी, मंगळवार
लिहितो, पण मलाच पटत नाही.

शिपाई आला, "सर, साहेब बलाई ऱ्हायनात." आत गेलो. बसा म्हटलं, बसलो नाही. म्हणालो, "माईक मी बंद केला. रविना पावराचा काही संबंध नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुतणे हसले. साहेब म्हणाले, "का बंद केलात?"
"गोंधळ वाढत होता."
"गोंधळ तर आधीपासून होता. तेव्हा नाही केलात?"

भामरे मॅडम हळूच म्हणाल्या, अगदी मायेने, "सर, त्या दिवशी बैठकीत तुम्ही काय बोललात ते आम्ही ऐकलंय. व्यासपीठावरच्याचं तोंड बंद करायचं नाही म्हणणारा माणूस माईक बंद करेल का? मी मरेपर्यंत विश्वास ठेवणार नाही."

"मॅडम, मी केला."
"विद्यार्थिनीसाठी करताय, कळतं आम्हाला," साहेब म्हणाले. "मोठं मन आहे तुमचं. पण खोटं बोलून नका वाचवू. मार्चमध्ये मुलाखत आहे, लक्षात आहे ना?"

मी तिसऱ्यांदा म्हटलं. साहेबांनी काही लिहून घेतलं नाही. माझ्यासाठी चहा मागवला. मी खरं बोलतोय आणि ते माझं कौतुक करताहेत. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये. बाहेर आल्यावर भामरे मॅडमनी माझा हात धरला, म्हणाल्या, "तुमच्यासारखे शिक्षक राहिले नाहीत आता."

टेबलावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

कारण सांगितलं तरच विश्वास बसेल. कारण तिचं आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि सगळं माझ्या तोंडामुळे. आधी नको तिथे उघडलं, आता हवं तिथे उघडलं तर कुणी ऐकत नाही.

२८ जानेवारी, बुधवार
नाव कमी केलं. नोटीस बोर्डावर लागलंय. परीक्षेला बसता येईल, पण राहायची सोय स्वतः करावी. धडगावच्या डोंगरातून रोज येईल काय ती? आम्ही शिक्षा दिली नाही, फक्त सोय काढली, असं साहेब म्हणतात. चेहरा असा की जणू उपकार केले.

म्हटलं, आमच्या घरी राहू दे. सुरेखा लगेच हो म्हणाली, मागची खोली झाडायलाही लागली. रविनाला निरोप पाठवला. उत्तर आलं: बाबांना कळवलंय, ते न्यायला येताहेत.

तुझ्या बाबांशी मी बोलू का, विचारलं. त्याला उत्तर नाही.

२९ जानेवारी, गुरुवार
तास घेतला नाही. पोरं बसली होती, मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. कुणीतरी विचारलं, सर बरं नाही का. म्हटलं हो, बरं नाही.

खिडकीशी तिचा बाक रिकामा. काय शिकवायचं यांना? कुणाचंही ऐकून घ्या, कुणालाही बोलू द्या, असं कोणत्या तोंडाने सांगू? विश्वास ठेवतील, हेच वाईट. सगळेच माझ्यावर विश्वास ठेवतात.

३० जानेवारी, शुक्रवार
एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर बसून लिहितोय. हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर उठून त्यांच्यात जाईन.

सकाळी वसतिगृहावर गेलो तर ती निघून गेलेली. गाडी पिटाळत इथे आलो. धडगावची बस लागायची होती. रविना, तिचे वडील, पत्र्याची पेटी, गोधडीचं बोचकं. वडील मला बघून उठले. उंच, सुकलेला माणूस, पांढरा धुतलेला सदरा. बाकावरचा रुमाल झटकला, म्हणाले, "बसा सर तुम्ही इथं. पोरगी तुमचं नाव घेते घरी. चांगलं शिकवता." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसलो नाही. म्हटलं, "काका, माईक रविनाने तोडला नाही. मी बंद केला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. समितीने तीन वेळा ऐकूनही मानलं नाही, त्यांनी एकदाच ऐकलं आणि मानलं.

"मग तिला का काढलं?"

एवढा साधा प्रश्न. पंधरा दिवसांत कुणी विचारला नव्हता. मी रविनाकडे पाहिलं. ती पेटीच्या कडीशी चाळा करत होती.

"रविना, सांगू?"
"कुणाला? बाबांना की समितीला?"
"तू म्हणशील त्याला. नाही म्हणालीस तर कुणालाच नाही."

तिने कडी सोडली. वडील एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. मग ती म्हणाली, "आधी बाबांना. पण तुम्ही नाही. मी सांगते."

आणि ती बोलायला लागली. पावरीत. मी बाजूला झालो, तरी आवाज येतोय. एक शब्द कळत नाही. चौदा वर्षं या पोरांना मराठी शिकवली, त्यांच्या घरच्या भाषेतलं साधं "हो" आणि "नाही" मला येत नाही. आवाजावरून अंदाज बांधतोय. आधी ती एकटीच बोलत होती, सलग, खाली बघून. मग वडिलांनी काहीतरी तोडून विचारलं. मग तीही तोडून. मध्ये "सुरत" ऐकू आलं. मध्ये "वसावे". एकदा माझ्याकडे हात झाला, तेव्हा दोघांनीही वळून पाहिलं आणि मी मान खाली घातली. एकदा वडिलांचा आवाज चढला, टपरीवाला बघायला लागला. तिचाही चढला. वर्गात शंका विचारताना चढतो तसा.

आता वडील बोचक्यावर बसलेत, रुमाल हातात. ती उभी.

बस लागली आहे. कंडक्टर धडगाव धडगाव करतोय. लोक चढताहेत. वडील उठले, ते काही म्हणाले, तिने मान हलवली, पण होकाराची की नकाराची कळलं नाही. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मला राहवेना. वही ठेवून गेलो, पेटी उचलायला वाकलो, बसकडे न्यायची की माझ्या गाडीकडे हेही मला माहीत नव्हतं.

"राहू द्या, सर," रविना म्हणाली. "अजून ठरलं नाही."

परत येऊन बसलोय. ते बोलताहेत.